फोटोखालची पट्टी

आमच्या संस्थेत त्याचे खरे नाव फक्त हजेरीपटावर होते. बाकी सगळ्यांसाठी तो रांगोबा. हे नाव त्याच्या कामातूनच आले होते. जंगलात आम्ही झाडाच्या बुंध्याला, गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेरे बांधतो. समोरून गरम अंगाचे काही गेले की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. तिथे माणूस लागत नाही. पण बांधून झाल्यावर तो नीट चालतो आहे ना, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी कुणालातरी जनावराच्या उंचीने त्याच्यासमोरून जावे लागते. इतर लोक जरासे वाकून, हात हलवून वेळ मारून नेत. हा मात्र हात-गुडघे टेकून चिखलातून सरळ रांगत जाई, मध्येच थांबून मान वळवी, हुंगल्यासारखे करी आणि पुन्हा रांगत परत येई.

"डुक्कर सरळ निघून जातं, मांजर थांबून बघतं," तो मला समजावून सांगे. "दोन्ही करून बघायला नको का, भाऊसाहेब?"

दोन फेऱ्या झाल्या की तो कॅमेऱ्यासमोर उकिडवा बसून एक लहानशी काळी पाटी छातीशी धरी. पाटीवर खडूने कॅमेऱ्याचा क्रमांक आणि तारीख. त्यामुळे जंगलातून आलेल्या प्रत्येक मेमरी कार्डावर पहिले पाच-सहा फोटो रांगोबाचे असत. मग पुढे डुकरे, साळिंदरे, एखादा बिबट्या, जो काय दीड महिन्याचा ऐवज असेल तो.

तो ऐवज उघडण्याचे काम माझे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संस्थेचे कार्यालय सांभाळायला आलो आणि सत्तावीस वर्षे तिथेच राहिलो. जंगलात मी एकूण चार वेळा गेलो आणि चारही वेळा मोज्यांत जळवा घेऊन परतलो. पण दर पंचेचाळीस दिवसांनी बेचाळीस कार्डे माझ्या टेबलावर येत. रांगोबा ती घट्ट झाकणाच्या डब्यातून आणी. प्रत्येक कार्ड वेगळ्या कागदी पुडीत, पुडीवर क्रमांक, आणि डब्याच्या तळाशी ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पिशव्या.

"मोजून घ्या," तो म्हणे.

मी मोजून घेई आणि सही देई. सात वर्षांत एकदाही एकेचाळीस निघाली नाहीत.

फोटोंचे मी चार फोल्डर करीत असे: 'प्राणी', 'रिकामे', 'चाचणी' आणि 'माणसे'. सर्वांत मोठा 'रिकामे'. उन्हाने तापलेले एखादे पान वाऱ्याने हलले तरी कॅमेऱ्याला ते जनावर वाटते आणि तो त्याचे फोटो काढत सुटतो. रांगोबाच्या कॅमेऱ्यांत हे कमी होई, कारण तो समोरचे गवत कापत नसे, मुळासकट उपटून काढी. एकदा दुसऱ्या कुणी बांधलेल्या कॅमेऱ्यातून एकाच पानाचे चार हजार फोटो निघाले. रांगोबा माझ्या खांद्यावरून बघत होता.

"लग्न ठरतंय की काय या पानाचं?" तो म्हणाला.

मग त्याला एकदम आठवण झाली. "भाऊसाहेब, मी कुठल्या फोल्डरात असतो?"

"चाचणीत."

"माणसांत नाही?"

"नाही."

"बरोबर आहे. ताई म्हणतेच, तू काही माणसांत नाहीस."

ही ताई म्हणजे त्याची सख्खी बहीण, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. बारा वर्षांच्या पोरीने त्याला कडेवर घेऊन वाढवले. ती लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या वस्तीत गेली तेव्हा हाही तिच्या पाठोपाठ गेला, आणि तिच्या नवऱ्याबरोबर, म्हणजे भावजींबरोबर, रानात वेत तोडू लागला. पुढे त्याचे लग्न झाले, पण दुसऱ्याच वर्षी बायको तापाने गेली. तेव्हापासून तो ताईच्या घरामागच्या खोलीत राहत होता आणि तिच्याच हातचे जेवत होता. भावजी वेताच्या खुर्च्या विणीत. आमच्या कार्यालयातल्या सहाच्या सहा खुर्च्या त्यांच्या. मी अकरा वर्षे ज्या खुर्चीवर बसलो आहे, तिचा एक वेतही सैल झालेला नाही.

कॅमेरे आले त्या वर्षी वस्तीने ते मुळीच खपवून घेतले नव्हते. जंगलाचा आतला भाग नुकताच बंद झाला होता. तिथे वेत तोडायला, मध काढायला बंदी. पण वस्तीची पाऊलवाट त्यातूनच जायची आणि पोटही त्याच वाटेवर होते. झाडाझाडाला डोळे बांधलेत म्हटल्यावर लोक बिथरले. पहिल्या तीन महिन्यांत अकरा कॅमेरे गायब. तेव्हा आमचे संचालक स्वतः वस्तीवर गेले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. औषधांचे नव्हे, प्राणिशास्त्राचे. त्यांच्याबरोबर मीही होतो आणि सामान वाहायला रांगोबा. तेव्हा तो आमच्याकडे फक्त हमाली करीत होता.

डॉक्टर म्हणाले, "आम्हाला जनावरं मोजायची आहेत. माणसांशी आमचं काही देणंघेणं नाही. माणसाचा फोटो आला तर तो पुसायचा, हा आमचा नियम आहे."

भावजी वेत सोलत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "पुसता की नाही, ते आम्ही कुठून बघणार? हापिसात येऊन बसू?"

मग रांगोबाने डोक्यावरची पेटी खाली ठेवली.

"मी बघेन," तो म्हणाला. "मी तिथंच असतो. माणसाचा फोटो पुसला जाईल, हा माझा शब्द."

दारातून त्याची ताई म्हणाली, "तुझा शब्द म्हणजे माझाही झाला. नीट विचार करून दे रे बाबा."

"दिला, ताई."

पुढच्या आठवड्यात मी सकाळी कार्यालय उघडायला गेलो तर पायरीवर नऊ कॅमेरे रचून ठेवलेले. दोन ओढ्यात वाहून गेले, असा निरोप होता. त्यानंतर सात वर्षांत एकाही कॅमेऱ्याला कुणी हात लावला नाही. डॉक्टर परिषदांमधून ही गोष्ट सांगत. लोक टाळ्या वाजवत.

आता माझ्याबद्दल सांगायला हवे. माणसाचा पहिला फोटो आला तो भावजींचाच. खांद्यावर वेताची मोळी, आणि काटा रुतलेले बोट तोंडात. मी पुसण्यासाठी तो निवडला आणि थांबलो. नोंद झालेली वस्तू नाहीशी करायची नाही, बाजूला काढून ठेवायची, ही माझी कॉलेजपासूनची शिस्त. कार्डावर दोनशे चौदा फोटो आहेत असे मी नोंदवहीत लिहिले होते. एक पुसला तर दोनशे तेरा होणार, आणि उद्या कुणी विचारले तर काय सांगू? म्हणून मी 'माणसे' नावाचा फोल्डर केला आणि तो त्यात टाकला. पुढे दर वेळी टाकत गेलो, क्रमांकवार आणि तारीखवार. कुणाचे वाईट करावे असे माझ्या मनात नव्हते. नीट ठेवावे, एवढेच होते.

रांगोबाने तो फोल्डर एकदा पडद्यावर पाहिला.

"हे पुसता कधी?"

"वर्षाच्या शेवटी, एकदमच. एकेक पुसत बसलं की चुका होतात."

त्याला ते पटले. चूक होऊ नये म्हणून तो स्वतः चिखलात रांगणारा माणूस. त्याला का पटू नये? त्यानंतर दर वर्षी तो एकदा विचारी, "झालं ना ते, भाऊसाहेब?" आणि मी म्हणे, "ती काळजी तू करू नकोस." हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तो मात्र घरी जाऊन ताईला 'झालं' म्हणून सांगे.

सातव्या वर्षी वनखात्यात नवे अधिकारी आले आणि आमच्या संशोधनाच्या परवान्याचे नूतनीकरण चार महिने अडकून पडले. एका सकाळी डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, माणसांचे फोटो तुमच्याकडे बाजूला काढलेले आहेत ना?"

"आहेत."

"क्रमांक, तारखा?"

"स्थळ, तारीख, वेळ, सगळं."

"कमाल आहे तुमची! दुपारपर्यंत पेनड्राइव्हवर घालून द्या. खात्याला हवेत."

'कमाल' हा शब्द ऐकून मला बरे वाटले, हे मी लपवणार नाही. डॉक्टर सहसा कौतुक करीत नसत. माझ्यासमोर वस्तीचा तो दिवस आला नाही असेही नाही. आला आणि गेला. मी फक्त एकच प्रश्न विचारला.

"यादी क्रमांकानुसार करू की तारखेनुसार?"

अकराशे चाळीस फोटो होते. यादीच्या तीन प्रती काढल्या आणि दुपारी दोनच्या आत दिल्या. हे सगळे मी भावजींच्या खुर्चीवर बसून केले.

परवाना आठ दिवसांत आला. त्यानंतरच्या आठवड्यात वनरक्षक छापलेले फोटो घेऊन वस्तीवर गेले आणि दारोदार तोंडे जुळवून पाहू लागले. एकोणीस माणसे निघाली. सगळ्यांचे सरपणाचे पास तीन वर्षांसाठी रद्द झाले. ज्यांच्या फोटोत वेत किंवा मध होता त्यांतल्या बायकांना दम देऊन सोडले, सहा पुरुषांना नेले. त्यांत भावजी होते. त्यांना अकरा दिवस ठेवले.

त्यांना नेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेदहाच्या सुमाराला रांगोबा कार्यालयात आला. कार्डांचा दिवस नव्हता. हातात डबा नव्हता. त्याने एक कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला.

सतरा क्रमांकाच्या कॅमेऱ्याचा फोटो होता. पुढे भावजी, खांद्यावर मोळी. मागे ताई, हातात मधाचा डबा. भावजी खाली बघत चालले आहेत. ताई मात्र थेट कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. कॅमेरा कुणी बांधला आहे, हे तिला ठाऊक होते.

फोटोच्या खाली कॅमेरा स्वतःच एक काळी पट्टी छापतो. क्रमांक, तारीख, वेळ, तापमान, आणि कोपऱ्यात चंद्राची त्या दिवसाची कोर. रांगोबाने त्या पट्टीवर बोट ठेवले.

"हा कधीचा, भाऊसाहेब?"

"दोन वर्षांपूर्वीचा."

"म्हणजे पुसलेला."

मी पेनाला टोपण लावले.

"पुसलेला फोटो कागदावर कसा येतो, तेवढं सांगा. मी काही शिकलेला नाही."

तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आणि मग त्याला जे कळायचे ते कळले. कागद उचलून तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. दार उघडेच होते.

"बस," डॉक्टर म्हणाले.

"नको."

"हे बघ, त्या फोटोंत फास लावणारे होते. दोघांच्या हातात बंदुका होत्या. तूच दाखवले होतेस ते फास मला. ते असेच सोडून द्यायचे?"

"त्या दोघांना धरलं?"

"त्यांची ओळख पटली नाही. बाहेरचे असणार."

"माझ्या ताईची पटली."

डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "परवाना मिळाला नसता तर सगळंच बंद पडलं असतं. तुझं कामसुद्धा. अरे, खवल्या मांजरासाठी आपण अकरा वर्षं धडपडतोय. तू स्वतः एकतीस नंबरचं बीळ शोधलंस. ते सगळं सोडून द्यायचं का?"

"खवल्या मांजराला मी शब्द दिला नव्हता, साहेब."

बाहेर येऊन तो पुन्हा माझ्या टेबलापाशी उभा राहिला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, विनंती होती, आणि ती मला जास्त जड गेली.

"ताईनं दाराला आतून कडी घातलीय. म्हणते, तूच नेऊन दिलेस. सात वर्षं मला 'झालं, झालं' सांगत होतास आणि तिकडे साठवत होतास. माझं ऐकायला तयार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही एकदा या आणि एवढंच सांगा, याला माहीत नव्हतं. दुसरं काही बोलू नका."

"येतो," मी म्हणालो.

"कधी?"

"या रविवारी."

"मी ओढ्यावरच्या फळीपाशी थांबतो. ती फळी हलते, तुम्हाला सवय नाही."

शनिवारी डॉक्टरांनी मला बोलावले. त्यांना कसे कळले ठाऊक नाही. बहुधा दार उघडेच होते म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही तिथे जाऊन काही बोललात तर ते संस्थेनं कबूल केल्यासारखं होईल. लोक लगेच लेखी मागतील. वातावरण जरा निवू द्या. आणि तुमचे निवृत्तीला आता आठ-नऊ महिने राहिलेत, भाऊसाहेब. कशाला गुंतता?"

मी रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारीही गेलो नाही. रांगोबा सोमवारी माझ्या खिडकीसमोरून गेला. आत आला नाही, काही विचारले नाही. फक्त खिडकीशी चाल मंद केली. दुसऱ्या सोमवारीही तसेच. मी दोन्ही वेळा नोंदवहीत डोके घातले.

त्यानंतर चार दिवस तो दिसला नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो दोन मोठ्या पोत्यांसह आला आणि माझ्या टेबलावर, मग जमिनीवर, क्रमांकाने कॅमेरे मांडू लागला. एक ते बेचाळीस. प्रत्येकाचा पट्टा गुंडाळून बांधलेला, कुलपाला किल्ली लावलेली, भिंगावरचा चिखल पुसलेला. बाजूला कार्डांचा डबा.

"मोजून घ्या."

"अरे, पण कुणी सांगितलं काढायला?"

"कुणी नाही. वस्तीवाले फोडणार होते. मी म्हटलं, फोडू नका, ते माझ्या सहीनं गेलेत. काढून आणतो."

"रांगोबा, मी येणारच होतो रे."

"मोजा, भाऊसाहेब."

मी मोजले. बेचाळीस. सही केली. त्याने सही नीट पाहून घेतली. तशी तो कधी पाहत नसे. मग पिशवीतून ती काळी पाटी काढली आणि कॅमेऱ्यांच्या ओळीत शेवटी ठेवली.

"ही पण तुमचीच."

भावजी त्याआधीच सुटून आले होते. रांगोबा त्या संध्याकाळी वस्तीवर गेलाच नाही. मागच्या खोलीतले त्याचे कपडे तसेच राहिले. कुणी म्हणाले लाकडाच्या वखारीत लागला, कुणी म्हणाले बंदरावर. नक्की कुणालाच माहीत नव्हते.

ती शेवटची बेचाळीस कार्डे मी एकट्याने पाहिली. प्रत्येक कार्डावर सुरुवातीला तोच रांगणारा, हुंगणारा, पाटी धरून बसलेला रांगोबा, कारण बांधले तेव्हा अजून काही घडले नव्हते. काही फोटोंत तो हसतो आहे. आणि प्रत्येक कार्डावर शेवटचा फोटो एकच: भिंगाकडे येणारा त्याचा तळहात.

एकतीस क्रमांकाच्या कार्डावर, एकशे सहाव्या फोटोत, खवल्या मांजर होते. बिळातून अर्धे बाहेर आलेले, आणि शेपटीच्या मुळाशी पिल्लू चिकटलेले. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. त्यांचे जनावरांवरचे प्रेम खोटे होते असे मी कधीही म्हणणार नाही. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आला. छापायला जाण्यापूर्वी मी विचारले, "खाली रांगोबाचं नाव घालायचं ना?"

"नाव कसं घालणार?" डॉक्टर म्हणाले. "फोटो निघाला तेव्हा तो तिथे नव्हता." आणि खाली छापले गेले: स्वयंचलित कॅमेरा, क्रमांक ३१.

अहवालाची प्रत हातात आली त्या दिवशी मी 'माणसे' फोल्डर पुसला. मूळ पुसला, त्याची प्रत पुसली, कपाटातल्या डिस्कवरची प्रतही पुसली. शेवटच्या खेपेतले धरून बाराशे तीन फोटो. नोंदवहीत आकडे जुळत नाहीत. मी ते तसेच सोडले.

घरी बायकोला सांगितले. ती कपडे वाळत घालत होती.

"पुसलंत ते कुणाला सांगितलंत?"

"तुलाच सांगतोय."

"माझे होते का ते फोटो? ज्यांचे होते त्यांना सांगा."

"निवृत्त झाल्यावर जाईन म्हणतो. मग कुणी अडवणार नाही."

"निवृत्त झाल्यावर तुम्ही कोण? तेव्हा कुणी ओळखही देणार नाही. जायचं तर आत्ता जा, संस्थेचे आहात तोवर."

पुढचाच रविवार गाठला. 'चाचणी' फोल्डर मी ठेवला होता. त्यात रांगोबाचे दहा हजारांच्या वर फोटो. हात हलवत जायला बरे वाटेना, म्हणून त्यातला एक छापून घेतला. पाटी मांडीवर ठेवून तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे, नाकाला चिखल लागलेला.

ओढ्यावरची फळी खरोखरच हलत होती. मी बसून, जवळजवळ रांगतच ती ओलांडली.

ताईचे घर मी ओळखले ते भावजींच्या आवाजावरून नव्हे, वेत चिरण्याच्या आवाजावरून. दार उघडे होते. ती बाहेर आली. फोटोतल्यापेक्षा केस बरेच पांढरे झालेले.

"कोण?"

"मी संस्थेतला. कार्यालयातला."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "भाऊसाहेब तुम्हीच काय! तो सांगायचा. आमच्या भाऊसाहेबांकडे टाचणीसुद्धा हरवत नाही म्हणायचा."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. की त्याला माहीत नव्हते. की पुसत नव्हतो तो मी. की बाजूला लावून ठेवले ते मी, आणि यादी केली तीही मी. आतला वेताचा आवाज थांबला होता.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तो बारा दिवस या पायरीवर बसायचा. सकाळी यायचा, दुपार करायचा. मी आतून कडी घातलेली. म्हणायचा, ताई, भाऊसाहेब येणार आहेत, ते सांगतील. मी म्हटलं, येऊ दे तुझे भाऊसाहेब, मग कडी काढीन." तिने उघड्या दाराकडे हात केला. "कडी आता घालत नाही मी. पण तेव्हा यायला हवं होतं तुम्ही."

मी म्हणालो, "सगळे फोटो पुसून टाकलेत आता. तुमचा, यांचा, सगळ्यांचे. एकही ठेवला नाही."

"कशावरून?"

सत्तावीस वर्षांत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा कागद मी दाखवू शकलो असतो. नसलेल्या वस्तूचा कागद माझ्याकडे नव्हता.

"तोही असंच सांगायचा," ती म्हणाली. "झालं, ताई, झालं."

मी खिशातून पाकीट काढले आणि फोटो तिच्यापुढे धरला. तिने लगेच घेतला नाही. आधी पदराला हात पुसले. मग दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघत राहिली.

"नाक बघा याचं," ती आत वळून भावजींना म्हणाली. आत वेत पुन्हा चिरला जाऊ लागला.

मग तिची नजर खाली उतरली. काळी पट्टी. क्रमांक सतरा, तारीख, वेळ, तापमान, चंद्राची कोर. तिचा चेहरा बदलला. ती आत गेली. मला वाटले, फोटो चुलीत जाणार. पण ती वेत चिरायची सुरी घेऊन बाहेर आली, फोटो पायरीवर सपाट ठेवला, आणि पट्टीच्या बरोबर वरून, कडेला कड धरून, सुरी फिरवली. हात जराही हलला नाही.

फोटो तिने छातीशी धरला. पट्टी माझ्यापुढे केली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "घेऊन जा."